‘व्यक्ती’ म्हणजे कोण? – मोटार अभियंता डोरोथी पुलिंगर यांचे जीवनचरित्र



मोटारगाडीचा विषय निघाला की आपण मुलांना हेन्री फोर्डची गोष्ट सांगतो. विमान म्हटलं की राइट बंधू. विजेचा दिवा म्हटलं की एडिसन. ही नावे मोठीच आहेत, पण यादी ऐकताना वर्गातल्या मुलींना साहजिकच वाटतं की यंत्रांच्या या सगळ्या गोष्टीत बाई कुठेच नव्हती. ती होती. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या डोरोथी पुलिंगर शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मोटारीचे आराखडे काढत होत्या, कारखाना चालवत होत्या आणि स्वतः तयार करवून घेतलेली गाडी स्कॉटलंडच्या डोंगरात सहा-सहा दिवस चालवून बक्षीसही मिळवत होत्या.

चौथी ते आठवीच्या मुलांना ही गोष्ट सहज सांगता येते. आधी आपण मोठ्यांनी ती पूर्ण समजून घेऊ.

जन्म आणि बालपण

डोरोथी यांचा जन्म १३ जानेवारी १८९४ रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, दिएप शहराजवळच्या एका गावात झाला. वडील थॉमस पुलिंगर हे इंग्रज. ते आधी सायकली आणि मग मोटारींची रचना करणारे तंत्रज्ञ होते. त्या काळी मोटारीच्या धंद्यात फ्रान्स सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून ते तिकडे काम करत होते. डोरोथी ही घरातली थोरली. तिच्या पाठीवर बरीच भावंडं होती.

१९०२ च्या सुमारास हे कुटुंब इंग्लंडला परत आले. डोरोथी लफबरो गावच्या मुलींच्या शाळेत शिकली. घरी जेवताना गोष्टी निघायच्या त्या इंजिनाच्या, चाकांच्या आणि कारखान्यातल्या अडचणींच्या. जी भाषा घरात रोज कानावर पडते ती मुलं न शिकवता शिकतात, हे आपण शिक्षक जाणतोच. डोरोथीच्या घरची भाषा यंत्रांची होती.

सोळाव्या वर्षी ड्रॉइंग ऑफिसमध्ये

वडील पुढे स्कॉटलंडमधल्या ॲरोल-जॉन्स्टन या मोटार कंपनीचे प्रमुख झाले. या कंपनीची एक गंमत मुलांना जरूर सांगा. अंटार्क्टिकाच्या बर्फावर पोचलेली पहिली मोटारगाडी याच कंपनीची होती. शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकलटन यांनी १९०७ ते १९०९ च्या मोहिमेत ती नेली होती.

१९१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, डोरोथी या कंपनीच्या पेझली इथल्या कारखान्यात आराखडे काढायच्या कामाला लागली. आराखडा म्हणजे यंत्राच्या प्रत्येक भागाचं मोजमापासह काढलेलं चित्र. कागदावर रेघ थोडी चुकली तर कारखान्यात भाग बसत नाही. त्यामुळे नजर, हिशोब आणि धीर या तिन्ही गोष्टी लागतात. डोरोथी ड्रॉइंग ऑफिसमध्येच थांबली नाही. ओतकामाच्या विभागात भाग कसे घडतात हेही तिने पाहून घेतले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वडील कारखान्याचे प्रमुख होते म्हणून तिला दार उघडं मिळालं. त्या काळी दुसऱ्या कुणाच्या मुलीला असं काम मिळणं जवळजवळ अशक्य होतं. डोरोथी यांना ही जाणीव होती असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. कारण पुढे त्यांनी जे केलं ते बरंचसं अशा दुसऱ्या मुलींसाठीच केलं.

‘व्यक्ती’ म्हणजे फक्त पुरुष?

१९१४ मध्ये डोरोथी यांनी मोटार अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. अशा संस्थेचे सभासद होणे म्हणजे तुम्ही अभियंता आहात यावर शिक्का बसणे. अर्ज नाकारला गेला. कामात काही कमी आहे असे कारण दिले नाही. कारण असे होते की संस्थेच्या नियमात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे आणि त्या शब्दाचा अर्थ पुरुष असा होतो, स्त्री असा नाही.

आज हे वाचून हसू येतं. पण तेव्हा हा चेष्टेचा विषय नव्हता. ब्रिटनमध्ये तेव्हा संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मताचा अधिकारही नव्हता. कॅनडात तर कायद्यातल्या याच शब्दावरून मोठा खटला चालला आणि वरिष्ठ सभागृहाच्या नेमणुकीसाठी स्त्री ही ‘व्यक्ती’ धरली जाते असा निकाल यायला १९२९ साल उजाडावं लागलं. म्हणजे डोरोथी यांच्या अर्जावरचं उत्तर हे एखाद्या कारकुनाच्या लहरीवर दिलेलं नव्हतं. त्या काळाची समजूतच तशी होती.

नकार आला तेव्हा डोरोथी वीस वर्षांच्या होत्या.

सात हजार स्त्रियांची जबाबदारी

त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पुरुष आघाडीवर गेले. तोफगोळे तर रोज हवे होते, मग ते करणार कोण? आतापर्यंत ज्यांना कारखान्याच्या दारातून आत घेत नव्हते त्या स्त्रियांनाच आता बोलावणे आले.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस इथे विकर्स कंपनीचा प्रचंड कारखाना होता. तिथे तोफगोळे बनवणाऱ्या स्त्री कामगारांच्या प्रमुख म्हणून डोरोथी यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली सुमारे ७,००० स्त्रिया होत्या. आपल्या शाळेच्या पटाशी तुलना करून पाहा, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते मुलांना कळेल.

या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींनी आधी कधी लेथ पाहिलाही नव्हता. त्यांना शिकवायचं, पाळ्या लावायच्या, अपघात टाळायचे आणि माल वेळेवर काढायचा. काम धोक्याचं होतं. ब्रिटनमधल्या अशा कारखान्यांत स्फोटक पूड हाताळून बायकांची कातडी पिवळी पडत असे. स्फोट होऊन माणसं दगावल्याच्या घटनाही घडल्या.

या कामाबद्दल डोरोथी यांना १९२० मध्ये ब्रिटिश सरकारने एम. बी. ई. हा किताब दिला. मोटार अभियंत्यांच्या संस्थेनेही युद्धानंतर त्यांना सभासद करून घेतले. त्या या संस्थेच्या पहिल्या महिला सभासद. ‘व्यक्ती’ या शब्दाचा अर्थ सहा-सात वर्षांत बदलला होता!

टंगलंडचा कारखाना

युद्ध संपले आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. पुरुष परत आले. युद्धापूर्वीची कामाची पद्धत पुन्हा आणायची असा कायदा १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये झाला. त्याचा सरळ अर्थ असा की कारखान्यात शिकून तयार झालेल्या बायकांनी आता घरी जावे. चार वर्षे त्यांचे हात चालत होते तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.

डोरोथी यांनी घेतलेला मार्ग वेगळा होता. स्कॉटलंडच्या दक्षिणेला कर्कूब्री गावाजवळ टंगलंड इथे त्यांच्या वडिलांच्या कंपनीने युद्धाच्या काळात विमानाच्या इंजिनांचे भाग बनवण्यासाठी कारखाना उभारला होता. आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना तिथे कामाला घेतले जाई. हा कारखाना आता गॅलोवे नावाच्या छोट्या मोटारी बनवू लागला आणि डोरोथी त्याच्या व्यवस्थापक आणि संचालक झाल्या.

शिक्षक म्हणून मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टंगलंड हा नुसता कारखाना नव्हता, ते मुलींचं अभियांत्रिकीचं शिक्षणकेंद्रही होतं. मुलींना तिथे उमेदवार म्हणजे अप्रेंटिस म्हणून घेत. त्या यंत्रावर काम करत आणि त्यामागचे शास्त्रही शिकत. मुलग्यांची उमेदवारी साधारण पाच वर्षांची असे. टंगलंडला मुलींसाठी ती तीन वर्षांची ठेवली होती, कारण मुली लवकर शिकतात असे तिथल्या लोकांचे मत होते. कारखान्याच्या छतावर टेनिस खेळायची सोयसुद्धा होती. काम, शिक्षण आणि खेळ एकाच इमारतीत. आपण ज्याला कृतियुक्त शिक्षण म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

याच सुमारास, २३ जून १९१९ रोजी, ब्रिटनमध्ये महिला अभियंत्यांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. युद्धात शिकलेल्या बायकांचं कौशल्य वाया जाऊ नये हा तिचा हेतू. डोरोथी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होत्या. ही संस्था आजही काम करते. भारतातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक, मद्रासच्या ए. ललिता, याही पुढे या संस्थेच्या सभासद झाल्या होत्या.

सीट बदलली

गॅलोवे गाडीचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीच्या एका छोट्या गाडीवरून बेतलेला होता. पण ती चालवणारी स्त्री असू शकते हा विचार करून तिच्यात बदल केले गेले.

त्या काळच्या गाड्या उंचपुऱ्या पुरुषाचा अंदाज घेऊन बनवलेल्या असत. सीट खोल आणि मागे. समोरचा फळा उंच. स्टिअरिंगचं चाक मोठं. हँडब्रेक बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या बाजूला. अशा गाडीत कमी उंचीची बाई बसली तर पाय पेडलपर्यंत धड पोचायचे नाहीत आणि रस्ता नीट दिसायचा नाही. मग लोक म्हणणार, बायकांना गाडी चालवता येत नाही.

गॅलोवेत सीट उंच केली आणि पुढे घेतली. समोरचा फळा खाली आणला. स्टिअरिंगचं चाक लहान केलं. हँडब्रेक चालकाच्या हाताशी, आतल्या बाजूला आणला. सामान ठेवायला जास्त जागा दिली. मागचा रस्ता दाखवणारा आरसा तेव्हा सगळ्या गाड्यांना नसायचा, तो गॅलोवेला कंपनीकडूनच बसवून मिळत असे. त्या वेळच्या मोटारविषयक नियतकालिकांनीही स्त्रियांनी स्त्रियांसाठी बनवलेली गाडी अशी तिची ओळख करून दिली.

बदल तसे छोटेच आहेत. पण विचार मोठा आहे. अभियंत्यांच्या संस्थेने म्हटले होते की ही बाई आमच्या शब्दात बसत नाही. डोरोथी यांच्या कारखान्याने पाहिले की बाई गाडीत बसत नाही, आणि गाडीच बदलली.

सहा दिवसांची कसोटी

गाडी चांगली आहे हे लोकांना पटवायचं कसं? आज टीव्हीवर जाहिरात करतात. तेव्हा गाड्यांच्या जाहीर चाचण्या होत. त्यांतली स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी फार कठीण समजली जाई.

ही शर्यत नव्हती बरं का, हा फरक मुलांना समजावून सांगा. शर्यतीत जो आधी पोचला तो जिंकला. या चाचण्यांमध्ये भर असे तो गाडीच्या भरवशावर. रोज लांबचा पल्ला, डोंगरातले अरुंद, खडबडीत रस्ते, अवघड चढ. चढावर गाडी थांबली की गुण गेले. वाटेत दुरुस्ती करावी लागली की गुण गेले. स्कॉटलंडमध्ये असाच एक प्रसिद्ध चढ आहे. त्याचं नावच ‘विसावा घे आणि आभार मान’ अशा अर्थाचं आहे. यावरून त्या रस्त्यांची कल्पना यावी. शिवाय त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. चढ चढणं अवघड आणि उतरणं त्याहून अवघड.

अशा चाचणीत उतरायचं तर नुसतं गाडी हाकता येऊन भागत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडतंय ते ओळखावं लागतं. कुठे गिअर बदलायचा, कुठे इंजिनाला दम द्यायचा हे समजावं लागतं. डोरोथी यांना गाडीचा प्रत्येक भाग माहीत होता. १९२४ साली त्यांनी गॅलोवे गाडी घेऊन स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या चाचणीत विजय मिळवला.

मग लाँड्री का?

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. पण पुढचं आयुष्य तितकं सरळ नव्हतं आणि मुलांपासून ते लपवू नये.

१९२० नंतर ब्रिटनमध्ये मंदी आली. गाड्यांना पुरेशी गिऱ्हाइकं मिळेनात. मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त गाड्यांपुढे टिकणं अवघड झालं. १९२३ मध्ये टंगलंडचं मोटारींचं काम बंद करून ते डम्फ्रीजजवळच्या हीथहॉल इथल्या मुख्य कारखान्यात नेलं. म्हणजे डोरोथी यांनी चाचणी जिंकली तेव्हा मुलींचा तो कारखाना बंद झालेला होता. १९२८ मध्ये गॅलोवे गाडीही बंद पडली.

दुसरीकडे, बेकारीच्या त्या दिवसांत कारखान्यात काम करणाऱ्या बाईला सतत ऐकून घ्यावं लागे की तू एका पुरुषाची नोकरी अडवून बसली आहेस. डोरोथी यांनाही हे ऐकावं लागलं. १९२४ मध्ये त्यांचं लग्न झालं. पती एडवर्ड मार्टिन जहाजावर अधिकारी होते. पुढे त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. डोरोथी यांनी विचार केला की पुरुषांची नोकरी घेतली असं कुणीच म्हणणार नाही असा धंदा कोणता? कपडे धुण्याचा!

त्यांनी लंडनजवळ क्रॉयडन इथे वाफेवर चालणारी लाँड्री सुरू केली. पण त्या अभियंता होत्या. त्यांनी अमेरिकेतून नवी यंत्रं मागवली, कामाची मांडणी केली आणि धंदा इतका वाढवला की त्याच्या १७ शाखा झाल्या. मोटारीचा कारखाना असो की लाँड्री, वाफ, दाब, पट्टे आणि चाकं यांचे नियम काही बदलत नाहीत.

तरीही मनात एक प्रश्न राहतोच. ज्यांना गाड्या बनवता येत होत्या त्यांना कपडे धुण्याचा धंदा का निवडावा लागला? त्यांनी तो यशस्वी केला हे त्यांचं मोठेपण. तो निवडावा लागला यात समाजाचं नुकसान झालं. दोन्ही गोष्टी मुलांपुढे ठेवायला हव्यात.

पुन्हा बोलावणे आणि अखेरची वर्षे

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि देशाला कारखान्यांत पुन्हा बायका हव्या झाल्या. मग पुन्हा डोरोथी यांची आठवण झाली. नफिल्ड उद्योगसमूहाच्या कारखान्यांतल्या स्त्री कामगारांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. उत्पादन मंत्रालयाच्या उद्योगविषयक सल्लागार मंडळावर घेतलेल्या त्या एकट्याच महिला होत्या.

युद्धानंतर १९४७ मध्ये त्या इंग्लिश खाडीतल्या गर्न्झी बेटावर राहायला गेल्या. तिथेही स्वस्थ बसल्या नाहीत. १९५० मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी तिथे नवी लाँड्री काढली. २८ जानेवारी १९८६ रोजी, ९२ वर्षांचं आयुष्य जगून, त्यांचं निधन झालं.

बरीच वर्षं त्यांचं नाव मोटारीच्या इतिहासात फारसं घेतलं जात नव्हतं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या अभियंत्यांच्या सन्मानयादीत त्यांचा समावेश झाला. त्या यादीतल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ग्लासगोच्या रिव्हरसाइड संग्रहालयात आजही एक गॅलोवे गाडी पाहायला मिळते.

या चरित्रातून काय घ्यायचं?

हे चरित्र वाचून ‘जिद्द असेल तर सगळं मिळतं’ असं तात्पर्य काढायचा मोह होईल. मला ते पुरेसं वाटत नाही. डोरोथी यांच्याकडे जिद्द १९१४ मध्येही होती, तरी दार बंदच राहिलं. गरज पडली तेव्हा उघडलं आणि गरज सरल्यावर हजारो बायकांसाठी पुन्हा बंद झालं.

आपल्यासाठी धडा वेगळा आहे. वर्गात एखादं मूल मागे पडतं तेव्हा आपण पटकन म्हणतो, याला गणित जमत नाही, हिला यंत्रातलं कळत नाही. तेव्हा गॅलोवेची सीट आठवावी. मूल कमी पडतंय की सीट त्याच्या मापाची नाही? फळ्यावरची अक्षरं लहान असतील. प्रयोगाचं साहित्य नेहमी मुलगेच हातात घेत असतील आणि मुली वहीत आकृती काढत असतील. शिवणयंत्राला तेल घालायचं काम आईचं आणि स्कूटरचा प्लग साफ करायचं काम फक्त भावाचं, असं घरी चालत असेल. हे बदलायला सरकारी परिपत्रक लागत नाही. पालकहो, पुढच्या वेळी सायकलची चेन पडली की मुलीच्या हातातही पाना द्या. हात काळे होतील, साबणाने निघतील.

थोडक्यात जीवनपट

- १८९४ – फ्रान्समध्ये जन्म
- १९१० – पेझलीच्या मोटार कारखान्यात आराखड्याचे काम सुरू
- १९१४ – अभियंत्यांच्या संस्थेचा नकार
- पहिले महायुद्ध – बॅरो येथे सुमारे ७,००० स्त्री कामगारांची जबाबदारी
- १९२० – एम. बी. ई. किताब
- १९२४ – स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या चाचणीत विजय
- १९४७ – गर्न्झी बेटावर वास्तव्य
- १९८६ – निधन
- २०१२ – स्कॉटलंडच्या अभियंत्यांच्या सन्मानयादीतील पहिली महिला

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. शर्यत आणि चाचणी यांत काय फरक आहे?
२. गॅलोवे गाडीत कोणते बदल केले? प्रत्येक बदलाचे कारण सांगा.
३. तुमच्या वर्गातली किंवा घरातली कोणती वस्तू तुमच्या मापाची नाही? ती कशी बदलाल? चित्र काढून दाखवा.
४. नियमातल्या एका शब्दामुळे कुणावर अन्याय होऊ शकतो का? उदाहरण द्या.

तिसरा प्रश्न वेळ देऊन घ्या, मुलं त्यात फार छान उत्तरं देतात.